हॉटेलात बिल फुगवलं, भाजीत माशी निघाली? गावाकडं परतल्यावरही तक्रार करता येते. फक्त बिल टाकून देऊ नका

सोलापूर : दिवाळीची सुट्टी आहे. मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावातलं सहा जणांचं कुटुंब सकाळच्या एसटीनं सोलापूर बघायला आलंय, असं समजा. नवरा-बायको, दोन पोरं, आजी आणि दिवाळीला आलेले भाऊजी. सिद्धेश्वराचं दर्शन झालं, तळ्याकाठी फोटो झाले, भुईकोट किल्ला फिरून झाला. आजीला चादर घ्यायची होती, ती घेतली. दुपारचे दोन वाजले, पोरं भुकेनं किरकिर करायला लागली आणि सगळे शुक्रवार पेठेतल्या एका हॉटेलात शिरले.

पुढचं सांगायची फारशी गरज नाही. टेबल मिळायला अर्धा तास. ऑर्डर दिल्यावर आणखी चाळीस मिनिटं. भाऊजींनी दोनदा विचारलं तर वेटर म्हणाला, "काय ओ मामा, घाई असंल तर दुसरीकडं बघा की, बाहेर लाईन लागलीय." आजीच्या वाटीतल्या रश्शात माशी निघाली. वाटी बदलून दिली, पण तोंडातून 'चुकलं' असा शब्द नाही. शेवटी बिल आलं १,३२८ रुपयांचं. थाळ्या मोजल्या तर एवढे होत नव्हते. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "सगळीकडं असंच असतंय." पंढरपूरकडची गाडी निघायची वेळ झाली होती. पैसे दिले, बिल तिथंच टेबलावर राहिलं आणि घरी पोचेपर्यंत सगळे चिडचिडत होते.

हे कुटुंब समजून सांगण्यापुरतं आहे. पण असलं बिल हातात पडलेली माणसं जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत सापडतील. कुणाला ते गड्ड्याच्या यात्रेत मिळालं, कुणाला महाबळेश्वरला, कुणाला गोव्याला. परगावच्या गिऱ्हाइकाचं एक दुखणं असतं आणि ते हॉटेलवाल्याला पक्कं ठाऊक असतं : हा माणूस आज आहे, उद्या नाही. भांडायला पुन्हा येणार नाही, कोर्टकचेरीसाठी तर नाहीच नाही.

हा हिशेब पूर्वी बरोबर होता. २० जुलै २०२० पासून तो चुकीचा ठरलाय. कसा, ते पुढं येईल. आधी त्या १,३२८ रुपयांच्या बिलात काय काय होतं ते बघू, कारण त्यातली प्रत्येक ओळ वेगळी आहे. काही ठिकाणी हॉटेलवाला चुकतो, काही ठिकाणी त्याचं बरोबर असतं, आणि हा फरक कळला नाही की माणूस चुकीच्या गोष्टीवरून भांडत बसतो.

बिलाची चिरफाड

सहा थाळ्या, प्रत्येकी १६० प्रमाणे ९६० रुपये. पाण्याच्या तीन बाटल्या, प्रत्येकी ३० रुपयांनी ९०. निघताना काउंटरवरून घेतलेलं शेंगा चटणीचं पाकीट, १०० रुपये. बेरीज १,१५०. त्यावर १० टक्के 'सर्व्हिस चार्ज' ११५ रुपये. झाले १,२६५. आणि या सगळ्यावर ५ टक्के जीएसटी, ६३ रुपये २५ पैसे. एकूण १,३२८ रुपये २५ पैसे.

थाळीपासून सुरुवात करू. १६० रुपये महाग वाटले तरी त्याबद्दल तक्रार चालत नाही. हॉटेलातल्या जेवणाचा दर सरकार ठरवत नाही, मालक ठरवतो. सुट्टीच्या दिवशी दर वाढवला तरी तो त्याचा हक्क आहे, पण आधी सांगून. मेनूकार्डावर किंवा फळ्यावर १४० लिहिलंय आणि बिलात १६० लावलेत, मग विचारल्यावर 'आज सणाचा रेट' असं उत्तर मिळालं, तर ती फसवणूक झाली. म्हणून बसल्या बसल्या मेनूकार्डाचा एक फोटो काढून ठेवायचा. पोरांचे फोटो काढतोच की आपण, त्यात हा एक.

आता पाणी आणि चटणी. गंमत अशी की दोन्ही वस्तू पाकीटबंद, दोन्हीवर किंमत छापलेली, दोन्हीचे जास्त पैसे घेतले. बाटलीवर एमआरपी २० होती, चटणीच्या पाकिटावर ९०. तरी कायद्याचं उत्तर दोन्हीला सारखं नाही.

पाण्याच्या बाटलीचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. हॉटेलचालकांच्या देशपातळीवरच्या संघटनेनं तो नेला आणि १२ डिसेंबर २०१७ ला निकाल आला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं : गिऱ्हाईक हॉटेलात नुसती बाटली विकत घ्यायला जात नाही. तिथं टेबल-खुर्ची, पंखा, ताट-वाटी, वाढणारा माणूस अशी सगळी सेवा तो घेत असतो. त्यामुळं हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे लावले म्हणून वजनमापाच्या कायद्याखाली हॉटेलावर कारवाई करता येत नाही. व्हॉट्सॲपवर 'हॉटेलात एमआरपीपेक्षा एक रुपया जास्त घेतला तरी जेल' असे मेसेज फिरतात, त्यावर जाऊ नका. बाटली नको असेल तर सरळ साधं पाणी मागा. आणि न मागता वेटरनं बाटली उघडायला घेतली तर तिथंच थांबवा.

चटणीचं तसं नाही. ती काउंटरवरून घेतली, पिशवीत टाकून घरी नेली. तिथं कुणी वाढलं नाही, बसायची जागा वापरली नाही. म्हणजे तो व्यवहार दुकानातल्या खरेदीसारखाच झाला. असंच एक प्रकरण मुंबईत घडलंय. २०१४ साली एका पोलीस उपनिरीक्षकानं मुंबई सेंट्रल भागातल्या एका हॉटेलातून आइस्क्रीमचा फॅमिली पॅक घरी न्यायला घेतला. छापील किंमत १६५, घेतले १७५. फक्त १० रुपये जास्त. माणूस ग्राहक मंचात गेला. आपण आत बसलोच नाही, सेवा घेतलीच नाही, मग जादा कशाचे, एवढाच त्याचा प्रश्न. २०२० मध्ये मंचानं त्या हॉटेलाला २ लाख रुपये भरायला लावले. दहा रुपयांपायी दोन लाख. पण साल पण बघून ठेवा : २०१४ ची तक्रार, २०२० चा निकाल. त्याबद्दल पुढं बोलू.

एसटी स्टँडवरचा स्टॉल, रेल्वेचा प्लॅटफॉर्म, रस्त्यावरची टपरी, किराणा दुकान, मंदिराबाहेरचं दुकान, या सगळ्या ठिकाणी एमआरपी म्हणजे एमआरपी. 'थंड करायचे पाच रुपये' ही तिथं चालणारी गोष्ट नाही. रेल्वेच्या 'रेल नीर'ची एक लिटरची बाटली सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपयांना आहे. प्लॅटफॉर्मवर २० सांगितले तर हे लक्षात ठेवा.

सर्व्हिस चार्ज : द्यायचा की नाही, ते तुम्ही ठरवायचं

साध्या खानावळीत हा प्रकार सहसा नसतो. एसी हॉटेल, पर्यटनाच्या गावातली रिसॉर्टं, मॉलमधली रेस्टॉरंटं इथं तो भेटतो. बिलात जेवणाची बेरीज संपली की खाली 'एस.सी. १०%' अशी बारीक अक्षरातली ओळ असते. बऱ्याच लोकांना तो सरकारी कर वाटतो. तो कर नाही. त्यातला एक पैसा सरकारकडं जात नाही. ती टीपच आहे, फक्त तुम्हाला न विचारता कापलेली.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला याबद्दल नियम काढले. हॉटेलनं सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही. नाव बदलूनही लावायचा नाही. 'देत नसाल तर आत येऊ नका' म्हणायचं नाही. आणि तो जेवणाच्या रकमेत मिळवून त्यावर जीएसटीही लावायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. काही काळ नियमांना स्थगिती होती, त्याचाच आधार घेऊन अनेक हॉटेलांनी वसुली चालू ठेवली. पण २८ मार्च २०२५ ला न्यायमूर्ती प्रतिभा एम. सिंह यांनी संघटनांच्या याचिका फेटाळल्या, वर प्रत्येकी १ लाख रुपयांचा खर्चही बसवला. सर्व्हिस चार्ज सक्तीनं घेता येणार नाही, गिऱ्हाइकानं खुशीनं दिला तर गोष्ट वेगळी, असं तो निकाल सांगतो. संघटनांनी त्यावर दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाकडं अपील केलं आहे.

त्यामुळं बिलात ही ओळ दिसली तर आवाज न चढवता एवढंच म्हणायचं : "हा सर्व्हिस चार्ज काढून बिल परत करून द्या." बहुतेक वेळा काउंटरवरचा माणूस काढून देतो, कारण त्यालाही नियम माहीत असतो. नाही काढला तर पैसे भरा, पण ती ओळ छापलेलं बिल सोबत घ्या. तोच पुरावा.

जीएसटीची ओळ मात्र खरी असू शकते. साध्या हॉटेलाला जेवणावर ५ टक्के, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. एसी असो वा नसो, १५ नोव्हेंबर २०१७ पासून दर एकच आहे. महागड्या खोल्यांच्या लॉजिंगमधल्या रेस्टॉरंटला तो १८ टक्के असू शकतो. पण जीएसटी लावायचा तर बिलावर १५ अक्षर-आकड्यांचा नंबर हवा. महाराष्ट्रातल्या हॉटेलाचा नंबर २७ नं सुरू होतो. जीएसटीच्या वेबसाईटवर हा नंबर टाकला की धंद्याचं नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द झालीय ते लॉगिन न करता दिसतं. छोटे हॉटेलवाले 'कंपोझिशन' योजनेत असतात, त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी घ्यायची परवानगीच नसते. तसं त्यांच्या बिलावर लिहिलेलं असावं लागतं. तेव्हा नंबर नाही आणि जीएसटी मात्र लावलाय, असं बिल दिसलं तर तो पैसा कुठं जातो हे वेगळं सांगायला नको.

आता आपल्या कुटुंबाचा हिशेब परत मांडा. थाळ्या ९६०, पाणी ९०. बेरीज १,०५०. त्यावर ५ टक्के म्हणजे ५२ रुपये ५० पैसे. चटणी छापील ९०, त्यात कर धरलेलाच असतो. एकूण १,१९२ रुपये ५० पैसे. घेतले १,३२८ रुपये २५ पैसे. फरक १३५ रुपये ७५ पैशांचा. एका माणसाच्या जवळजवळ एका थाळीचे पैसे.

रश्शातली माशी

बिलातल्या शंभर-सव्वाशे रुपयांपेक्षा हे जास्त गंभीर आहे, पण लोक इथंच गप्प बसतात. वाटी बदलून मिळाली की विषय संपला असं वाटतं. खरं तर वाटी परत न्यायच्या आधी तिचा फोटो काढायला हवा. शक्य असेल तर असा, की वाटी, टेबल आणि हॉटेलाचं नाव किंवा मेनूकार्ड एका फ्रेममध्ये येईल.

प्रत्येक हॉटेलाला, अगदी हातगाडीलाही, अन्न सुरक्षेचा परवाना किंवा नोंदणी लागते. त्याचा १४ आकडी नंबर असतो. तो दर्शनी भागात लावायला हवा आणि १ जानेवारी २०२२ पासून बिलावरही छापणं बंधनकारक आहे. घाणीत अन्न शिजवणं किंवा अन्नात माशी, केस, खडा असलं काही सापडणं, यासाठी २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तक्रार करायची ती अन्न व औषध प्रशासनाकडं. राज्याचा टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५. सोलापुरात त्यांचं कार्यालय आहे, तिथं लेखी अर्जही देता येतो. 'फूड सेफ्टी कनेक्ट' या मोबाईल ॲपवरून फोटोसकट तक्रार जाते.

जेवणातून उलट्या-जुलाब झाले तर घरगुती उपाय करत बसण्याआधी डॉक्टरकडं जा आणि केसपेपर सांभाळा. 'बाहेरचं खाल्ल्यानंतर त्रास सुरू झाला, अमुक वाजता' हे डॉक्टरांना सांगून लिहून घ्या. याच कायद्यात खराब अन्नामुळं माणूस दगावला तर किमान ५ लाख, गंभीर इजा झाली तर ३ लाखांपर्यंत आणि इतर त्रासासाठी १ लाखापर्यंत भरपाईची तरतूद आहे. पण ती मिळवायची तर त्या दिवशीचा कागद लागतो. महिन्याभरानं आठवणीतून सांगितलेली गोष्ट टिकत नाही.

उर्मटपणाचं काय?

खरं सांगायचं तर वेटर तिरसट बोलला, एवढ्या एका गोष्टीवर भरपाई मिळणं अवघड आहे. गर्दीच्या दिवशी जेवायला उशीर झाला, तेही तसंच. सुट्टीच्या दुपारी तो पोरगा सकाळपासून पळत असतो, पगार मालकाच्या हातात असतो. तेव्हा बोलायचंच असेल तर काउंटरवर मालकाशी बोलावं. पण उशीर, उर्मटपणा, गार जेवण, माशी आणि फुगवलेलं बिल हे सगळं एकत्र आलं तर कायद्याच्या भाषेत त्याला 'सेवेतील त्रुटी' म्हणता येतं आणि तक्रारीत त्याचं वजन पडतं.

एक गोष्ट मात्र यातून पूर्ण वेगळी काढली पाहिजे. जात विचारून वेगळं बसवलं, वेगळ्या कपात चहा दिला, आत घेतलंच नाही, तर ती ग्राहकाची तक्रार उरत नाही, तो गुन्हा आहे. सार्वजनिक उपाहारगृहात धर्म, जात, लिंग किंवा जन्मस्थानावरून कुणाला अडवता येणार नाही, असं राज्यघटनेचं कलम १५ सांगतं. अस्पृश्यता पाळल्याबद्दल १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तिथं बिल जपण्याच्या आधी पोलीस ठाणं गाठायचं.

कपड्यांवरून हिणवण्याचे प्रकारही होतात. धोतर-पटका नेसलेला म्हातारा माणूस एसी हॉटेलाच्या दारात उभा राहिला की गार्ड वरून खाली बघतो. जुलै २०२४ मध्ये बेंगळुरूच्या जीटी मॉलमध्ये हावेरी जिल्ह्यातले एक शेतकरी मुलासोबत सिनेमाला गेले होते. तिकिटं काढलेली होती, पण धोतर नेसलंय म्हणून त्यांना आत सोडलं नाही. मुलानं काढलेला व्हिडिओ सगळीकडं पोचला, विषय विधानसभेत गाजला आणि कर्नाटक सरकारनं तो मॉल सात दिवस बंद ठेवायला लावला. मॉलवाल्यांनी त्या शेतकऱ्याला बोलावून सत्कार केला, माफी मागितली.

घरी बसून तक्रार, ती पण आपल्याच जिल्ह्यात

ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा २४ डिसेंबर १९८६ चा. त्याच्या आधी बारा वर्षं, १९७४ साली, पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली होती. तो कायदा चांगला होता, पण परगावी फसलेल्या माणसाला त्याचा फार उपयोग नव्हता. जिथं फसवणूक झाली किंवा जिथं हॉटेलवाल्याचा धंदा आहे, त्याच जिल्ह्यात तक्रार करावी लागायची. गोव्यात दीड हजारांचं नुकसान झालं म्हणून सांगोल्याचा माणूस तारखेला गोव्याला कशाला जाईल?

२०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि ही अडचण गेली. आता तक्रारदार जिथं राहतो किंवा जिथं कामधंदा करतो, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल होते. महाबळेश्वर, अलिबाग, गोवा, हैदराबाद, कुठंही जेवला असाल, तक्रार सोलापूर जिल्हा ग्राहक आयोगात चालेल आणि उत्तर द्यायला हॉटेलवाल्याला इथं यावं लागेल. मंगळवेढ्याच्या त्या कुटुंबाचं हॉटेल सोलापुरातच होतं, त्यामुळं त्यांना फरक पडत नाही. पण पुण्या-मुंबईचा किंवा विजापूरचा माणूस सोलापुरात फसला तर तो आपल्या गावातून इथल्या हॉटेलवाल्याला नोटीस पाठवू शकतो. सोलापूरच्या हॉटेलचालकांनीही हे लक्षात घेतलेलं बरं.

वकील लावावाच लागतो असं नाही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. पैसे एकानं दिले असले तरी सोबत जेवलेले सगळे ग्राहकच धरले जातात, सगळ्यांनी मिळून एकच अर्ज दिला तरी चालतो. 'ई-जागृती' या सरकारी वेबसाईटवर मोबाईल नंबर टाकून नोंदणी होते आणि कागद फोटो काढून तिथं चढवता येतात. सुनावणीला व्हिडिओवरून हजर राहण्याची मागणी करता येते.

थेट आयोगात जायची घाई मात्र करू नका. पहिली पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, नंबर १९१५. सकाळी ८ ते रात्री ८, मराठीतून बोलता येतं. ८८००००१९१५ वर व्हॉट्सॲप करता येतं. हेल्पलाईनला आदेश द्यायचा अधिकार नाही, ती फक्त हॉटेलशी संपर्क करून तोडगा काढते. शे-दोनशे रुपयांच्या बाबतीत अनेकदा तेवढं पुरतं. सरकारकडून निरोप आला की पैसे परत करणारे हॉटेलवाले असतात. नाही झालं तर हॉटेलला स्पीड पोस्टानं एक पत्र पाठवायचं. मजकूर साधा असावा, साधारण असा :

"दिनांक ____ रोजी दुपारी ____ वाजता आम्ही सहा जण आपल्या हॉटेलात जेवलो. बिल क्रमांक ____, रक्कम ____ रुपये, यूपीआयने भरली. बिलात आमची संमती न घेता ११५ रुपये सर्व्हिस चार्ज लावला. छापील किंमत ९० असलेल्या पाकिटाचे १०० रुपये घेतले. वाढलेल्या रश्शात माशी आढळली, तिचा फोटो सोबत आहे. जादा घेतलेली १३५ रुपये ७५ पैसे रक्कम आणि झालेल्या त्रासाची भरपाई म्हणून ____ रुपये १५ दिवसांत द्यावेत. अन्यथा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करू."

पत्राची एक प्रत आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. पुढं आयोगात गेलात तर हीच सुरुवातीची कागदपत्रं. भरपाईचा आकडा मात्र अंगाला लागेल असा लिहा. १३५ रुपयांसाठी पाच लाख मागितले की अर्ज हास्यास्पद दिसतो.

वेळ किती लागेल? कायद्यात लिहिलंय, समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न व्हावा. समोरच्यानं ३० दिवसांत म्हणणं मांडायचं, फार तर १५ दिवस वाढवून मिळतात, त्यापुढं नाही. हे ४५ दिवस पक्के आहेत, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं मार्च २०२० मध्ये सांगितलं. प्रत्यक्षात तारखा पडतात. मुंबईच्या आइस्क्रीमला सहा वर्षं लागली. म्हणून रक्कम लहान असेल तर १९१५ वरच मिटवण्याचा नेट लावावा, आणि माणूस आजारी पडलाय, मोठी पार्टी बुडालीय, सहलीचं पॅकेज फसलंय अशा वेळी आयोगाची वाट धरावी. अष्टविनायक किंवा कोकण दर्शनच्या पॅकेजमध्ये जेवण धरलेलं असेल आणि ते खराब निघालं, तर हॉटेलाशी भांडायच्या ऐवजी ज्यानं पैसे घेतले त्या टूरवाल्याला धरायचं. पावती त्याची आहे.

आणखी एक जपायचं. रागाच्या भरात व्हिडिओ काढून 'पैसे परत द्या नाहीतर व्हायरल करतो' असं म्हणू नका. खरी तक्रार तुमची असते आणि खंडणीची तक्रार तुमच्यावर होते. ऑनलाईन रिव्ह्यू जरूर लिहा, पण घडलं तेवढंच लिहा. 'चोर', 'कुत्र्याचं मटण' असलं काही लिहिलं की बदनामीचा दावा लागू शकतो.

बिल देत नसेल तर

गर्दीच्या दिवशी बऱ्याच ठिकाणी पांढऱ्या चिठ्ठीवर पेननं आकडा लिहून देतात. ना हॉटेलाचं नाव, ना नंबर. पक्कं बिल न देणं ही २०१९ च्या कायद्यात स्वतंत्र अनुचित प्रथा ठरवलेली आहे, म्हणजे त्याचीही तक्रार होते. तरीही नाही दिलं तर पैसे रोख न देता यूपीआयनं भरा. त्यात तारीख, वेळ, रक्कम आणि पैसे कुणाच्या नावावर गेले ते येतं. चिठ्ठीचा आणि हॉटेलाच्या पाटीचा फोटो काढा.

आणि पक्कं बिल मिळालं तरी त्याचा फोटो त्याच दिवशी काढा. मशिनमधून निघणारा तो गुळगुळीत कागद उन्हात किंवा पाकिटात चार महिने राहिला की कोरा होतो. दिवाळीत जेवलेल्या माणसाला तक्रारीसाठी पुढच्याच्या पुढच्या दिवाळीपर्यंत मुदत आहे, पण बिलावरची शाई होळीपर्यंतही टिकत नाही.